जुने वीर, नवे अवतार आणि रुसलेले वाचक

इ. स. २०११ च्या दिवाळींतील गोष्ट. आमचा पुतण्या त्या वेळीं पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकत होता. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं तो सोलापुरास घरीं आला, तो एखाद्या आप्तास पोंचवून आल्यासारखा. वहिनींनीं पुढें ठेवलेल्या चकल्यांकडे त्यानें पाहिलेंहि नाहीं. घरांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे परीक्षेंत कांहीं झालें असेल, कोणी म्हणे पैसे हरवले असतील. आमच्या कुटुंबाची शंका निराळ्याच दिशेला गेली होती, तिचा उच्चार येथें नको. अखेर घरांतील वडील माणूस या नात्यानें चौकशीचें काम आमच्याकडे आलें.

"काय रे, झालें तरी काय?" आम्हीं विचारलें.

"काका, त्यांनी सगळं पुन्हा एकपासून सुरू केलं."

"कोणीं? आणि काय?"

तेव्हां उलगडा झाला तो असा. अमेरिकेंतील डी. सी. नांवाच्या चित्रकथा काढणाऱ्या कंपनीनें त्या वर्षीं आपल्या सर्व वीरांच्या कथा थांबवून सप्टेंबरपासून बावन्न मालिका नव्यानें, अंक पहिला म्हणून, सुरू केल्या होत्या. ज्या मासिकाचे नऊशेंहून अधिक अंक निघाले होते त्यावरहि पुन्हां 'एक' हा आंकडा छापला गेला. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन इत्यादि वीरांचा 'जस्टिस लीग' म्हणून जो संघ आहे, त्याचीहि घडी मोडून ती नव्यानें बसविली. सुपरमॅनचें लग्न झालेलें होतें, तें झालेंच नाहीं असें ठरलें. त्याच्या पोषाखांतील सुप्रसिद्ध तांबडी चड्डीहि गेली. या प्रकारास इंग्रजींत 'रीबूट' म्हणतात, असें पुतण्यानें आम्हांस सांगितलें.

वाचकहो, आम्ही हंसलों. केवळ हंसलों नाहीं, तर घरांतील सर्वांना बोलावून, "चिरंजीवांस एका चड्डीचें सुतक आलें आहे," असें सांगितलें, आणि सगळें घर हंसलें. पोर मुकाट्यानें उठून माडीवर गेला. आपण विनोद चांगला केला असें त्या दिवशीं आम्हांस वाटलें होतें. आज तसें वाटत नाहीं. तें कां वाटत नाहीं, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

रुसव्याचा पूर्वेतिहास

पुढें पुतण्याचा राग निवळल्यावर त्याच्याकडूनच या विषयाची माहिती आम्हीं करून घेतली. पेशा शिक्षकाचा, तेव्हां विद्यार्थ्याकडून शिकण्यांत कमीपणा कसला? ती माहिती आम्हांस मोठी बोधप्रद वाटली.

अनेक वीरांना एका संघांत गोवण्याची कल्पना इ. स. १९४० मधील. 'ऑल स्टार कॉमिक्स' या मासिकाच्या तिसऱ्या अंकांत 'जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका' म्हणून वीरांचें एक मंडळ अवतरलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत या कथांना बहर होता. युद्ध संपल्यावर तो ओसरला, आणि १९५१ सालीं हें मंडळ बंद पडलें. इतर कोणी त्याचें नांवहि काढलें नसतें. परंतु जेरी बेल्स नांवाच्या एका वाचकानें लहानपणीं त्या कथा वाचल्या होत्या, आणि तो त्या विसरण्यास तयार नव्हता. त्यानें त्या कथांचे लेखक गार्डनर फॉक्स यांच्याशीं पत्रव्यवहार चालू केला, जुने अंक धुंडून जमविले, आणि आमचें मंडळ परत आणा म्हणून कंपनीच्या संपादकांकडे पत्रांमागून पत्रें धाडलीं.

ते संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. ते स्वतःहि तरुणपणीं असेच वेडे वाचक होते; विज्ञानकथांच्या प्रेमापोटीं त्यांनीं १९३२ सालीं मित्रांसह एक हौशी पत्रिका काढली होती. त्यांनीं १९६० सालीं मंडळ परत आणलें. पण जसेंच्या तसें नव्हे. 'सोसायटी' हा शब्द त्यांना बैठकीच्या क्लबासारखा वाटला. मुलांना चेंडूफळीच्या 'लीगां'चें वेड, म्हणून नांव 'जस्टिस लीग' ठेवलें. वीरांचीं नांवें कांहीं जुनीं, पण माणसें बहुतेक नवीं. पुढें १९६३ मध्यें जुनें मंडळ व नवा संघ यांची भेटहि एका कथेंत घडवून आणली, त्यासाठीं दोन निरनिराळ्या पृथ्वी कल्पिल्या. म्हणजे आजोबाहि राहिले आणि नातूहि आला. घर मोठें असलें म्हणजे अशी सोय करतां येते, हें आम्हां एकत्र कुटुंबांतील माणसांस वेगळें सांगावयास नको.

श्वार्ट्झ आपल्या मासिकांत वाचकांचीं पत्रें पूर्ण पत्त्यासह छापूं लागले. त्यामुळें दूरदूरचे वाचक एकमेकांस पत्रें लिहूं लागले, आणि एकटें एकटें वेड होतें त्याचा एक समाज झाला. बेल्स यांनीं १९६१ सालीं रॉय थॉमस या तरुण वाचकाच्या साहाय्यानें 'आल्टर ईगो' नांवाची पत्रिका काढली. यांतील बेल्स पुढें डेट्रॉइटच्या विद्यापीठांत विज्ञानाचे अध्यापक होते, आणि थॉमस माध्यमिक शाळेंत इंग्रजी शिकवीत होते! म्हणजे हे दोघेहि आमच्याच जातकुळीचे. थॉमस १९६५ मध्यें शिक्षकी सोडून याच धंद्यांत शिरले आणि मोठे संपादक झाले. ज्यांना आम्ही 'चित्रांच्या चोपड्यांत वेळ दवडणारीं पोरें' म्हणून छडी दाखविली, तसल्याच दोघांनीं बंद पडलेली परंपरा जागविली.

दुसऱ्या एका संघाची कथा याहून नवलाची. 'एक्स-मेन' हा संघ १९६३ सालीं स्टॅन ली व जॅक कर्बी यांनीं निर्माण केला. त्याचा खप इतका घसरला कीं, १९७० पासून कांहीं वर्षें नव्या गोष्टी बंद करून जुन्याच पुन्हां छापीत. १९७५ सालीं लेन वाइन व डेव्ह कॉक्रम यांनीं त्यांत नवीं माणसें आणलीं: कोणी केनियाची, कोणी रशियाचा, कोणी जर्मनीचा, कोणी कॅनडाचा. जुन्यांना बाजूस सारून उपऱ्यांचा भरणा केला, असें त्या वेळच्या एखाद्या निष्ठावंत वाचकास वाटलें असल्यास नवल नाहीं. पण त्याच मेळाव्यानें संघाला असें जीवदान दिलें कीं, १९९१ सालीं निघालेल्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ऐंशीं लाखांच्या आसपास प्रती गेल्या. तात्पर्य, नवा अवतार म्हटला कीं तो वाईटच, असें म्हणण्याची सोय राहात नाहीं.

भाऊबीजेचा पाहुणा

परंतु हा झाला ग्रंथांतरींचा इतिहास. आमच्या मनाला जो कांटा लागला तो त्याच दिवाळींत, भाऊबीजेच्या दिवशीं.

पुतण्याचा एक वर्गमित्र, बार्शीकडचा, फराळाला आला होता. लहानपणीं पोलिओ झाल्यानें एका पायानें अधू. कुबडीवर चाले, पण जिना चढतांना कोणाचा हात घेत नसे. तोहि या चित्रकथांचा वाचक. आम्ही थट्टेच्या भरांत होतोंच. "तुमच्याहि घरीं सुतक आहे काय?" असें आम्हीं त्यास विचारलें.

तो हंसला, आणि त्यानें एक गोष्ट सांगितली. बॅटमॅनच्या कथांत बार्बरा गॉर्डन म्हणून एक मुलगी आहे. १९८८ मधील एका कथेंत एका दुष्टानें तिच्यावर गोळी झाडली, आणि ती कमरेपासून लुळी झाली. इतर लेखकांनीं तिला तशीच अडगळींत टाकली असती. पण कांहीं लेखकांनीं तिला चाकांच्या खुर्चींत बसवून नव्या कामाला लावलें. ती संगणकापुढें बसून साऱ्या वीरांना माहिती पुरवी, त्यांस सावध करी, मार्ग दाखवी. 'ओरॅकल', म्हणजे देववाणी, असें नांव तिनें घेतलें. पुढें स्त्रियांचाच एक वीरसंघ निघाला, त्याची ती सूत्रधार झाली. बॅटमॅनसारख्या धुरंधरासहि तिचा सल्ला घ्यावा लागे. २०११ च्या नव्या मांडणींत ती बरी होऊन पुन्हां चालूं लागली, आणि जुना पोषाख चढवून छपरांवरून उड्या मारूं लागली.

"अरे, मग ही तर आनंदाची गोष्ट! पोर बरी झाली," आम्ही म्हणालों.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "काका, ती बरी झाली याचं वाईट नाही वाटत. पण खुर्चीत बसूनच ती सगळ्यांत हुशार होती. बरं झाल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, असं लिहिणाऱ्यांना वाटलं असेल. मग आमची गोष्ट कधी पुरी व्हायची?"

आमच्या वहिनींनीं हातांतला लाडू ताटांत ठेवला. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. छत्तीस वर्षें मुलांस प्रश्न विचारून निरुत्तर करण्याचा आमचा धंदा; त्या दिवशीं एका पोरानें आम्हांस निरुत्तर केलें, आणि तें अजिबात आवाज न चढवितां.

न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, यास दुसरीहि बाजू होती. त्या मुलीला लुळी केली तीच मुळीं दुसऱ्या पुरुषपात्रांना दुःख व्हावें म्हणून, तेव्हां तो अन्याय दूर झाला हें बरेंच, असें म्हणणारे वाचकहि होते. पण आम्ही जें हंसलों तें यांपैकीं एकाहि बाजूचा विचार करून नव्हे. हा पोरखेळ आहे, एवढेंच गृहीत धरून हंसलों होतों.

आमची पाळी

ईश्वर मोठा हिशेबी आहे. आमचा हिशेब त्यानें सहा वर्षांनीं चुकता केला.

आमच्या पिढीच्या मराठी मुलांचे वीर दोन. एक वेताळ. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघूं लागलीं तीं १९९० पर्यंत चाललीं. मराठींतहि तीं निघत. ली फॉक या लेखकाचा 'फँटम' त्यांत वेताळ झाला होता. सोलापूर स्टेशनावर कोणास पोंचवावयास जावयाचें म्हटलें कीं आम्ही सर्वांच्या पुढें; कारण फलाटावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर नवा अंक लटकत असे. या वेताळाची युक्ति मोठी गमतीची. लोक त्याला अमर समजतात, पण तो असतो एकविसावा. बाप गेला कीं मुलगा कवटीच्या सिंहासनापुढें शपथ घेतो, तोच मुखवटा चढवितो, आणि चारशें वर्षांची गादी पुढें चालते. मठाच्या गादीसारखाच प्रकार. नव्या अवताराची सोय कथेच्या पायांतच घालून ठेवणारा हा फॉक खरा दूरदर्शी म्हटला पाहिजे.

दुसरा वीर आपल्या मातींतला: फास्टर फेणे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनीं ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठींत आणल्या, 'बालमित्र' मासिक चालविलें. परंतु मुलांच्या मनांत त्यांचें घर केलें तें या फुरसुंगीच्या बनेश फेण्यानें. पुण्याच्या विद्याभवन शाळेंत शिकणारा, अंगानें किडकिडीत, सायकलीवर वाऱ्यासारखा सुटणारा, संकट दिसलें कीं त्यांत उडी घेणारा, आणि मधूनच जिभेनें 'टॉक्' असा आवाज काढणारा हा पोरगा. आम्ही बाळी वेशींतून शाळेकडे सायकल हाणतांना तो 'टॉक्' काढावयाचों आणि समोरच्या टांग्यावर आदळावयाचों. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरांत आदित्य सरपोतदार यांनीं दिग्दर्शित केलेला 'फास्टर फेणे' हा चित्रपट आला. आम्ही त्याच वर्षीं नोकरींतून मोकळे झालों होतों. सगळें घर घेऊन पहिल्याच आठवड्यांत गेलों. आणि पाहातों तों काय! आमचा शाळकरी फेणे मिसरूड फुटलेला तरुण झालेला. अमेय वाघ यांनीं ती भूमिका केली होती. तो पुण्यास येतो तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं; तेथें एका मुलाचा जीव जातो, आणि त्या परीक्षेमागची लबाडी फेणे खणून काढतो. ना ती शाळा, ना ते सवंगडी, ना तो भाबडा काळ.

आम्ही घरीं आलों ते धुमसत. "हा फेणे नव्हेच! नांव उसनें घेतलें आहे. भागवतांनीं मुलांसाठीं लिहिलें, यांनीं त्यांत मारामाऱ्या घातल्या. जुन्याला हात लावण्याचा अधिकार यांना कोणीं दिला?" असें आमचें प्रवचन दिवाणखान्यांत अर्धा तास चाललें. दिवाळी होऊन आठवडाच झाला होता. पुतण्या आतां नोकरीला लागलेला, रजेवर आलेला. त्यानें आंतून एक ताटली आणली, आमच्यापुढें धरली आणि अत्यंत नम्रपणें म्हणाला, "काका, चकली घ्या."

आम्हीं त्या चकलीकडे पाहिलेंहि नाहीं. आणि त्याच क्षणीं सहा वर्षांपूर्वींची ती रात्र आठवून आम्हांस जो घाम फुटला, तो काय सांगावा! सगळें घर हंसलें. या वेळीं माडीवर जाण्याची पाळी आमची होती.

पूर्वजांचा दाखला

माडीवर वडिलांच्या जुन्या पोथ्या आहेत. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; पण वडिलांनीं संस्कृत पाठशाळेंतल्या रीतीनें शिकविलें, तेवढी पुंजी गांठीं आहे. त्या रात्रीं झोंप येईना म्हणून 'ध्वन्यालोक' उघडला, आणि आमच्या भांडणाचा निकाल अकराशें वर्षांपूर्वींच लागलेला आहे असें आढळून आलें.

तत्पूर्वीं आमच्या मातोश्रींची एक आठवण. १९८७ सालीं दूरदर्शनवर रामानंद सागरांचें रामायण सुरू झालें. दर रविवारीं सकाळीं आमच्या ओटीवर अर्धा वाडा जमे. आई सर्वांत पुढें, हात जोडून, पण दर चार मिनिटांनीं म्हणे, "रामविजयांत असं नाही हो!" चातुर्मासांत श्रीधराचे ग्रंथ वाचून तिचें सारें आयुष्य गेलेलें. श्रीधर हा आपल्या सोलापूर जिल्ह्यांतला, सांगोल्याकडील नाझऱ्याचा. 'रामविजय' १७०३ मधला, 'पांडवप्रताप' १७१२ मधला. आईच्या दृष्टीनें तेंच मूळ, बाकी सर्व मागाहूनची भेसळ. आणि गंमत अशी कीं, ज्या लक्ष्मणरेषेवर आईचा एवढा भरंवसा, ती वाल्मीकींच्या रामायणांत नाहींच! पुतण्याहि सांगतो कीं, १९३८ सालीं सुपरमॅन प्रथम अवतरला तेव्हां त्यास उडतां येत नव्हतें. तो नुसत्या लांब उड्या मारी. आपण ज्याला 'मूळ' म्हणून छातीशीं धरतों, तें बहुधा कोणाचें तरी नूतनीकरणच असतें. आपल्या लहानपणीं तें आपल्या हातीं आलें एवढेंच.

श्रीधराच्या मागून मोरोपंत आले (१७२९–१७९४). त्यांनीं एकशें आठ रामायणें रचलीं असें सांगतात! एकाच कथेचा एवढ्या वेळां नवा अवतार करणाऱ्या या पंतांपुढें अमेरिकेची कंपनी म्हणजे अगदींच नवशिकी.

संस्कृत कवींनीं तर कथानकांनाच हात घातला. महाभारतांतील शकुंतलोपाख्यानांत दुर्वासाचा शाप नाहीं आणि हरवलेली अंगठीहि नाहीं. तेथें दुष्यंतास सारें आठवत असतांना तो लोकापवादाच्या भयानें तिला नाकारतो. कालिदासानें शाप व अंगठी घालून राजाचा तो डाग धुतला, आणि आज जगास ठाऊक आहे ती कालिदासाची शकुंतला. भवभूतीनें 'उत्तररामचरिता'च्या शेवटीं सीता भूमींत न जातां रामास परत मिळते असें दाखविलें. १९१२ पासून त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्री यांनीं भासाचीं म्हणून जीं नाटकें प्रसिद्ध केलीं, त्यांतील 'पंचरात्रा'ची धिटाई तर थक्क करणारी. त्यांत द्रोणाचार्य गुरुदक्षिणा म्हणून पांडवांसाठीं अर्धें राज्य मागतात; पांच रात्रींत पांडवांचा शोध लागला तर देईन, असें दुर्योधन कबूल करतो, शोध लागतो, आणि तो वचन पाळतो. भारतीय युद्धाचें कारणच नाहींसें झालें! त्या काळच्या श्रोत्यांपैकीं कोणी तरी घरीं जाऊन चकली नाकारलीच असेल.

आतां आनंदवर्धनाचा निकाल. नवव्या शतकांतला हा काश्मिरी पंडित 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतांत दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी: परंपरेनें आलेल्या कथेंत एखादा भाग रसाला प्रतिकूल असेल, तर कवीनें तो टाकून द्यावा आणि रसानुकूल असा नवा कल्पावा; कारण घडलें तें केवळ सांगून जाणें हें कवीचें काम नव्हे, त्यास इतिहास पुरेसा आहे. दुसरी अशी: रामायणासारख्या ज्या कथा लोकांच्या मनांत एका रसानें सिद्ध झालेल्या आहेत, त्यांच्यावर रसाशीं विरोध येईल अशी आपली मर्जी लादूं नये.

या दोन वाक्यांत सारें आलें. कथानक बदलण्यास कवि मोकळा आहे. कथेचा प्राण बदलण्यास नाहीं. पोषाख, वय, गांव, लग्न हा देह. रस हा प्राण.

ही कसोटी हातीं घेऊन आम्ही आमच्याच रागाकडे पाहूं लागलों. फेण्याचा प्राण कोणता? हाफ चड्डी? विद्याभवन शाळा? नव्हे. अंगांत बळ नसतां दुसऱ्याच्या संकटांत धांवून जाण्याचा उत्साह, हा त्याचा प्राण. आणि वीररसाचा स्थायीभाव उत्साहच होय. चित्रपटांतला तरुण अनोळखी मुलाच्या मरणामागचें सत्य शोधण्यासाठीं जीव धोक्यांत घालतो. प्राण शाबूत होता. एवढेंच नव्हे, तर पुण्यांत फेणे ज्यांच्या घरीं उतरतो ते वृद्ध गृहस्थ खुद्द भा. रा. भागवत, अशी योजना होती, आणि दिलीप प्रभावळकर यांनीं ते उभे केले होते. म्हणजे नव्या लेखकानें जुन्याला घरांत मानाचें पान मांडलें होतें. आमचें वय वाढलें, फेण्यानें मात्र शाळेंतच राहावें, हा हट्ट आमचा होता. आमचा राग फेण्यासाठीं नव्हता. तो आमच्या हरवलेल्या सायकलीसाठीं होता.

त्याच कसोटीनें पुतण्याचा चड्डीवरचा शोक निकालांत निघतो, हें त्यासहि आतां मान्य आहे. लग्नाची गोष्ट निराळी. तींत त्या वीराचें माणूसपण होतें. कंपनीसहि पुढें तें उमगलें असावें. २०१६ सालीं पुन्हां एक मांडणी झाली, तींत सुपरमॅन आपल्या बायको-मुलासह परत आला. रुसलेल्या वाचकांचा रुसवा अगदींच वांझ नव्हता म्हणावयाचा.

येथें एक इशाराहि देणें अवश्य आहे. वाचकांच्या रागाला न्यायासन देऊन बसविलें, तर काय होतें तेंहि याच इतिहासांत आहे. बॅटमॅनचा साथी रॉबिन. पहिला मोठा होऊन गेल्यावर जो दुसरा आणला, तो नव्यानें मांडलेल्या रूपांत पुष्कळ वाचकांस आवडेना. १९८८ सालीं कंपनीनें त्याला जगवावें कीं मारावें हा प्रश्न वाचकांपुढें टाकला, आणि दूरध्वनीवर मतें मागविलीं. मारावा म्हणून ५,३४३, जगवावा म्हणून ५,२७१. बहात्तर मतांनीं एका पोराचा जीव गेला. पोर कागदाचें होतें हें खरें; पण रोमच्या रंगणांतील प्रेक्षकांचा खेळ याहून फार निराळा नसेल. आवडत नाहीं म्हणून रुसणें हा वाचकाचा हक्क. आवडत नाहीं म्हणून मारा म्हणणें हा नव्हे.

आठ वांकांचा ऋषि

राहातां राहिला तो बार्शीचा मित्र. त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांवर सहा वर्षें कर्ज होतें.

त्या रात्रीं पोथ्यांच्या ढिगांत वनपर्व हातीं आलें, आणि अष्टावक्राची कथा पुन्हां वाचली. ती सर्वांस ठाऊक आहे. आठ ठिकाणीं वांकडा असा तो मुलगा जनकाच्या सभेंत शिरतो, पित्याला वादांत हरवून जळांत बुडविणाऱ्या पंडितास हरवितो, आणि पित्यास परत आणतो. ही कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. पण तिचा शेवट आम्ही कधींच सांगत नव्हतों, आणि सांगत नाहीं हेंहि लक्षांत आलें नव्हतें. शेवटीं पित्याच्या आज्ञेनें अष्टावक्र समंगा नदींत स्नान करतो आणि त्याचे सारे अवयव सरळ होतात. व्यासांनीं त्याला बरा केला! परंतु लोकांनीं तें मनावर घेतलें नाहीं. आजवर कोणीं त्यास दुसरें नांव दिलें नाहीं, कोणा चित्रकारानें त्यास ताठ उभा काढल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. जनकाच्या सभेंत जो जिंकला तो वांकड्या अंगाचा मुलगा. लोकांनीं तोच जपला. हा वाचकांचा रुसवा हजारों वर्षें चालला आहे, आणि तो पोरखेळ नव्हे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मित्रास पत्र लिहिलें. हंसल्याबद्दल क्षमा मागितली, आणि ही कथा शेवटासह कळविली. आठवड्यानें त्याचें उत्तर आलें, चारच ओळींचें. त्यांत होतें: "काका, अष्टावक्र शेवटी सरळ झाला, हे मला माहीत नव्हतं. बरं झालं, शाळेत कुणी सांगितलं नाही."

आतां आमचा नातू बारा वर्षांचा आहे. परवां तोहि कोणत्याशा संघाची नवी मालिका पुढ्यांत घेऊन हिरमुसला बसला होता. आम्हीं त्यास इतकेंच विचारलें, "काय बदललें, आणि त्यांतलें काय बदलावयास नको होतें? कागदावर लिहून दाखव." त्यानें दोन पानें भरून लिहिलें. शुद्धलेखनाच्या सतरा चुका होत्या. त्या आम्हीं दाखविल्या, संवयच ती. पण दुसऱ्या पानाच्या तळाशीं त्यानें आपण होऊन लिहिलें होतें कीं, नवी मुलगी संघांत आली हें मात्र चांगलें झालें. कोणीं सांगितलें नसतां त्यानें देह आणि प्राण वेगळे करून पाहिले होते.

घरोघरच्या वडील मंडळींस आमची एवढीच विनंति कीं, पोर एखाद्या कागदी वीरासाठीं रुसलें तर हंसण्यापूर्वीं त्याला कारण विचारा. आणि ताटलींतली चकली झांकून ठेवा; राग गेल्यावर तें ती मागावयास येतेंच. आम्हीहि त्या रात्रीं बाराच्या सुमारास खालीं उतरलों होतों.